रंगीत पारदर्शिकांचे घरच्या घरी अंकीकरण : रंगांची विश्वसनीयता आणि कार्यपद्धती

मुंबईच्या उपनगरांत राहणाऱ्या अनेक निवृत्त अध्यापकांच्या घरी, कपाटाच्या वरच्या कप्प्यात अथवा पलंगाखालच्या पेटीत, रंगीत पारदर्शिकांचे डबे पडून आहेत. व्यवहारात आपण यांना ‘स्लाइड’ म्हणतो. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इतिहास, पुरातत्त्व, भूविज्ञान, वनस्पतिशास्त्र व भूगोल या विषयांच्या अध्यापनात पारदर्शिका हे नित्याचे साधन होते, आणि उत्साही अध्यापक सुट्टीच्या दिवशी कॅमेरा घेऊन स्वतःच ती तयार करीत. बोरिवलीजवळची कान्हेरी व मंडपेश्वर, अंधेरीतील महाकाली आणि जवळची जोगेश्वरी ही लेणी, अंधेरीतच उभा असलेला गिल्बर्ट हिल हा सुमारे ६१ मीटर उंचीचा काळ्या बसाल्टचा सुळका, मुलुंड-भांडुपकडील मिठागरे, घाटकोपरच्या टेकड्या, ही त्यांची हाताशी असलेली क्षेत्रे होत. यांपैकी बहुतेक स्थळांचा परिसर इमारतींनी व रस्त्यांनी इतका वेढला गेला आहे की, तेथील पूर्वस्थितीचा पुरावा म्हणून या खाजगी पारदर्शिकांनाच कित्येकदा संदर्भमूल्य येते.

हा पुरावा संगणकीय रूपात उतरवून घेण्याचे काम आता घरच्या घरी, बेताच्या खर्चात होऊ शकते. परंतु ते कसेबसे उरकले असता हाती येणारे चित्र दिसावयास सुंदर, पण संशोधनास निरुपयोगी ठरण्याचा संभव असतो. यास्तव, पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी व अध्यापकांनी हे काम करताना कोणती तत्त्वे सांभाळावी आणि वेळेचा अपव्यय कसा टाळावा, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

रंग कोणाचा?

‘रंग अचूक यावेत’ असे आपण सहज म्हणतो. पण अचूक म्हणजे कोणाशी जुळणारे, हा प्रश्न प्रथम विचारला पाहिजे. एका पारदर्शिकेच्या बाबतीत तीन निरनिराळे रंग संभवतात. पहिला, छायाचित्र घेतेवेळी प्रत्यक्ष वस्तूचा असलेला रंग. दुसरा, फिल्म धुऊन आली त्या दिवशी पारदर्शिकेवर उमटलेला रंग. तिसरा, आज तीच पारदर्शिका उजेडासमोर धरली असता दिसणारा रंग. पहिल्या व दुसऱ्यांत भेद असतो, कारण प्रत्येक फिल्मचा स्वतःचा एक स्वभाव असतो. कोणी तांबड्याला अधिक उठाव देते, कोणी हिरव्याला. दुसऱ्या व तिसऱ्यांत भेद पडतो तो काळामुळे, कारण रंजकद्रव्ये विटतात, आणि तीही सारख्या गतीने विटत नाहीत.

या तिहींपैकी केवळ तिसऱ्याचे मापन करता येते. पहिला व दुसरा यांविषयी आपण अनुमान करतो. कान्हेरीच्या ३४ क्रमांकाच्या लेण्यात छतावर अपूर्ण चित्रांचे अवशेष आहेत. त्यांची चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी घेतलेली पारदर्शिका आज कोणाकडे सापडली आणि ती तांबूस दिसली, तर तो तांबूसपणा चित्रातील मूळ रंगाचा, टॉर्चच्या अथवा दिव्याच्या प्रकाशाचा, की सायन रंजक विटल्याचा, हे चित्राकडे नुसते पाहून सांगता येणार नाही. संगणकातील स्वयंचलित रंगशुद्धी मात्र क्षणार्धात तो तांबूसपणा पुसून टाकते आणि कशामुळे पुसला हे कोठेही नोंदवीत नाही. अशा ‘सुधारलेल्या’ प्रतीवरून जो कोणी रंगद्रव्यांविषयी विधान करील, तो नकळत सॉफ्टवेअरच्या कर्त्याचे मत लेण्याच्या चित्रकारावर लादील.

म्हणून या कामाचा मूलभूत नियम असा : प्रत्येक पारदर्शिकेची एक मूळ प्रत अशी असावी की जीत आजची पारदर्शिका जशी आहे तशी उतरली आहे; आणि रंग पुनःस्थापित करण्याचा प्रयत्न करावयाचा झाल्यास तो तिच्या निराळ्या प्रतीवर, काय केले याच्या नोंदीसह करावा. पहिली प्रत ही नोंद होय, दुसरी हे भाष्य होय. संहितासंपादनात आपण हस्तलिखिताचा पाठ आणि संपादकाने सुचविलेला पाठ वेगळे ठेवतो, तसेच हे आहे.

फिल्म ओळखावी

कामास बसण्यापूर्वी पारदर्शिकांची जात ओळखणे आवश्यक आहे, कारण पुढील सर्व निर्णय तिजवर अवलंबून असतात. कोडाक्रोम ही फिल्म १९३५ मध्ये चलच्चित्रांसाठी व १९३६ मध्ये पारदर्शिकांसाठी बाजारात आली. २००९ मध्ये तिचे उत्पादन थांबल्याचे जाहीर झाले आणि ती धुणारी जगातील शेवटची प्रयोगशाळा, अमेरिकेतील कॅन्सस राज्यातील पार्सन्स या गावची, हिनेही २०१० च्या अखेरीस फिल्म घेणे बंद केले. कोडाक्रोममध्ये रंग उत्पन्न करणारी द्रव्ये फिल्ममध्ये नसून ती धुताना बाहेरून दिली जात. परिणामी अंधारात ठेवलेली कोडाक्रोम फार उत्तम टिकते. प्रक्षेपकाच्या प्रखर दिव्यापुढे मात्र ती इतर फिल्मांपेक्षा लवकर फिकी पडते. वर्गात वर्षानुवर्षे दाखविलेल्या पारदर्शिका आणि डब्यातून कधी न निघालेल्या पारदर्शिका यांच्यात म्हणूनच एकाच फिल्मवरही फरक आढळतो.

एक्टाक्रोम, फूजीक्रोम इत्यादी फिल्मांत रंगोत्पादक द्रव्ये फिल्मच्या थरातच असतात. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून त्या ‘ई-६’ या प्रक्रियेने धुतल्या जाऊ लागल्या. त्यापूर्वीच्या प्रक्रियांनी धुतलेल्या एक्टाक्रोम बहुधा तांबूस पडलेल्या आढळतात. याखेरीज पूर्व जर्मनीतील वोल्फेन येथील ‘ऑर्वो’ फिल्मही आपल्याकडे पुष्कळ वापरली जाई. तिची रंगीत पारदर्शिकांची ‘यूटी-१८’ ही फिल्म स्वतंत्र प्रक्रियेने धुवावी लागे. फिल्मचे नाव पुठ्ठ्याच्या अथवा प्लास्टिकच्या चौकटीवर छापलेले असते. चौकट बदललेली असल्यास पारदर्शिका तिरक्या उजेडात पाहावी : कोडाक्रोमच्या थराच्या बाजूस चित्राचा किंचित उठाव दिसतो. कोडॅकच्या चौकटींवर पुष्कळदा महिना व वर्ष छापलेले असते. ती फिल्म धुतल्याची तारीख होय, छायाचित्र घेतल्याची नव्हे; क्षेत्रकार्याचा काळ ठरविताना हा भेद विसरता कामा नये.

पाऊस, बुरशी आणि धूळ

मुंबईच्या हवामानात पारदर्शिकांचा मुख्य शत्रू बुरशी आहे. छायाचित्रीय साहित्यासाठी सापेक्ष आर्द्रता ३० ते ५० टक्के असणे इष्ट मानले जाते. आपल्याकडे पावसाळ्यात ती ८० टक्क्यांच्या वर अनेक आठवडे राहते. फिल्मवरील थर जिलेटिनचा असतो आणि ते बुरशीचे अन्न आहे. बुरशी लागलेले जिलेटिन पाण्यात विरघळू लागते. यास्तव, अशा पारदर्शिकेस पाणी अथवा पाणीमिश्रित द्रव कदापि लावू नये. डागाबरोबर चित्रही निघून येईल. काचेत बसविलेल्या पारदर्शिकांत ओलावा कोंडला जातो, तसेच काच व फिल्म यांच्या स्पर्शाने इंद्रधनुषी वलये उमटतात. ती ‘न्यूटनची वलये’ या नावाने प्रसिद्ध आहेत. अशी पारदर्शिका काचेतून सावकाश काढून साध्या चौकटीत घालावी. फिल्म काचेस चिकटली असल्यास मात्र ओढाताण करू नये, काचेसहच तिची प्रत घ्यावी.

हे सारे ध्यानात घेता, कामास नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत सोयीचा. प्रारंभी डबे उघडून बुरशी लागलेल्या पारदर्शिका निवडून वेगळ्या कराव्यात, आणि सर्वच पारदर्शिका घट्ट झाकणाच्या पेटीत सिलिका जेलसह काही दिवस ठेवाव्यात. मग रबरी फुग्याने हवा मारून व मऊ कुंचल्याने धूळ उडवावी. बुरशी झाडताना नाकावर फडके बांधावे. छताचा पंखा बंद ठेवणे अत्यावश्यक आहे : तो धूळ उडवितो आणि टेबलास कंपही देतो. ज्यांच्या इमारतीशेजारी पुनर्विकासाचे बांधकाम चालू आहे त्यांना खिडक्याही बंद ठेवाव्या लागतील. पंखा बंद म्हणजे घाम, आणि घामाचा बोटाचा ठसा जिलेटिनवर कायमचा राहतो. म्हणून सुती हातमोजे वापरावेत आणि थंडीतील सकाळची वेळ साधावी.

यंत्राची निवड

घरी उपलब्ध होणारे मार्ग तीन आहेत : सपाट काचेचा स्कॅनर, केवळ फिल्मसाठी केलेला स्कॅनर, आणि मॅक्रो भिंगाच्या डिजिटल कॅमेऱ्याने पारदर्शिकेचे छायाचित्र घेणे. सपाट स्कॅनरच्या जाहिरातीत इंचास ६४०० बिंदू असा आकडा असला तरी प्रत्यक्षात उतरणारा तपशील त्याच्या निम्म्याहूनही कमी असतो. वर्गात दाखविण्यापुरत्या प्रतीसाठी तो पुरे. शिलालेखाची अक्षरे वाचावयाची असतील तर अपुरा.

पारदर्शिकेचे चित्र २४ × ३६ मिलिमीटरचे असते. इंचास ४००० बिंदू या प्रमाणात त्याची लांबी सुमारे ५६७०, तर रुंदी ३७८० बिंदू होते. म्हणजे एकूण सुमारे २ कोटी १४ लक्ष बिंदू. हातात धरून घेतलेल्या सामान्य पारदर्शिकेत याहून अधिक तपशील क्वचितच असतो. २४ मेगापिक्सेलचा पूर्ण चौकटीचा कॅमेरा एकास एक या प्रमाणात लावला असता इंचास सुमारे ४२०० बिंदू देतो, म्हणजे तो या कामास पुरेसा आहे.

कॅमेऱ्याच्या पद्धतीत वेग पुष्कळ आहे. पण तीत चार गोष्टी कसोशीने सांभाळाव्या लागतात. पहिली, पारदर्शिका व कॅमेरा यांची प्रतले तंतोतंत समांतर हवीत. पारदर्शिकेच्या जागी लहानसा आरसा ठेवून भिंगाचे प्रतिबिंब दृश्याच्या बरोबर मध्यभागी येईल असे कॅमेऱ्यास लावावे, म्हणजे समांतरता साधते. दुसरी, भिंगाचे छिद्र एफ-५.६ ते एफ-८ च्या दरम्यान ठेवावे. अधिक बारीक केल्यास प्रकाशाच्या विवर्तनाने तपशील पुसट होतो. तिसरी, खोलीत अंधार हवा. अन्यथा खिडकीचा उजेड फिल्मच्या चकचकीत पृष्ठावरून परावर्तित होऊन गडद भागांवर पांढुरकी झाक आणतो. चौथी, कंप. घाटकोपर वा बोरिवली येथे रुळांलगतच्या इमारतीत राहणाऱ्यांस गाडी जाताना भांड्यांची किणकिण परिचित असेल. एकास एक प्रमाणात तेवढा कंपही चित्र हलविण्यास पुरेसा असतो. गाडी जाईपर्यंत थांबावे, अथवा फ्लॅशच्या क्षणिक प्रकाशावर चित्र घ्यावे.

प्रकाशस्रोताविषयी विशेष दक्षता हवी. स्वस्त एलईडी पट्ट्या डोळ्यास पांढऱ्या दिसल्या तरी त्यांच्या वर्णपटात गडद तांबडा अल्प आणि निळ्या-हिरव्याच्या दरम्यान खाच असते. वर्णपटात जे नाही ते फिल्ममधून आरपार जाऊन कॅमेऱ्यापर्यंत पोचणारच नाही, आणि पुढे कितीही गणित केले तरी ते परत मिळणार नाही. रंगदर्शन निर्देशांक ९५ हून अधिक असलेला दिवा घ्यावा आणि तो लावल्यावर काही वेळ स्थिरावू द्यावा.

रंगांचे प्रमाणीकरण

पारदर्शिकेतील प्रत्येक रंग हा सायन, मॅजेंटा व पिवळा या तीन रंजकांच्या मिश्रणाने झालेला असतो. मानवी डोळा आणि स्कॅनरचा संवेदक हे दोघेही तो प्रकाश तीन वाटांनी मोजतात. परंतु त्या वाटा एकसारख्या नाहीत. परिणामी डोळ्यास सारखे दिसणारे दोन रंग यंत्रास भिन्न, आणि यंत्रास सारखे वाटणारे डोळ्यास भिन्न दिसू शकतात. हा दोष कमी करण्यासाठी ‘आयटी-८’ नावाची प्रमाणपारदर्शिका मिळते. तिच्यावर २६४ रंगचौकोन व करड्या रंगाच्या २४ पायऱ्या असतात, आणि त्या प्रत्येकाचे मोजलेले मूल्य सोबतच्या सारणीत दिलेले असते. आपल्या यंत्राने तीच पारदर्शिका वाचावयाची आणि यंत्राचे आकडे व सारणीतील आकडे यांच्या तुलनेवरून सॉफ्टवेअरने एक रूपांतरसारणी तयार करावयाची. हीस यंत्राची ‘प्रोफाइल’ म्हणतात.

येथे दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्या. एक, प्रोफाइल ही त्या विशिष्ट रंजकसमूहापुरतीच खरी असते. एक्टाक्रोमवर केलेल्या प्रमाणपारदर्शिकेची प्रोफाइल कोडाक्रोमला लावली तर गडद भागांत निळसर झाक येते. कोडाक्रोमसाठी स्वतंत्र प्रमाणपारदर्शिका वापरली पाहिजे. म्हणूनच फिल्मची जात आधी ओळखावी असे वर सांगितले. दोन, प्रोफाइल करताना यंत्राची जी मांडणी होती, तीच पुढे प्रत्येक पारदर्शिकेस कायम राहिली पाहिजे. स्वयंचलित प्रकाशमापन, स्वयंचलित श्वेतसंतुलन, रेखीवपणा वाढविणे हे सर्व बंद असावे.

पारदर्शिकेतील अत्यंत गडद भागाची प्रकाशीय घनता ३ हून अधिक असू शकते. घनता ३ याचा अर्थ पडलेल्या प्रकाशाचा केवळ हजारावा अंश पलीकडे जातो. लेण्यांच्या आतील छायाचित्रांत महत्त्वाचा तपशील नेमका याच अंधारात असतो. म्हणून मूळ प्रत प्रत्येक रंगास १६ बिटांच्या टिफ स्वरूपात, अथवा कॅमेऱ्याच्या रॉ स्वरूपात ठेवावी. जेपीईजी ही केवळ दाखविण्याची प्रत समजावी.

अवरक्त किरणांनी धूळ व ओरखडे हुडकून ते आपोआप बुजविण्याची सोय अनेक फिल्म-स्कॅनरांत असते. बहुतेक रंजकांतून अवरक्त किरण आरपार जातात, धूळ मात्र त्यांस अडविते, या भेदावर ती आधारलेली आहे. ‘ई-६’ फिल्मांवर ती उत्तम चालते. कोडाक्रोमवर ती भरवशाची नाही आणि चांदीच्या कणांच्या कृष्णधवल फिल्मवर तर मुळीच चालत नाही, कारण तेथे चित्रच किरणांस अडविते. शिवाय ती जे बुजविते ते शेजारच्या बिंदूंवरून केलेले अनुमान असते. शिलालेखातील एखादी रेघ ओरखडा समजून पुसली जाणे अशक्य नाही. म्हणून मूळ प्रतीत ही सोय बंद ठेवावी.

डाव्या-उजव्याचा प्रश्नही किरकोळ नाही. पारदर्शिका उलटी बसविली गेली तर दुकानाची पाटी उलटी दिसते व चूक लगेच कळते. लेण्यातील मूर्तीवर पाटी नसते. उजव्या हाताची अभयमुद्रा डाव्या हाताची दिसू लागेल आणि एखाद्या प्रबंधात मूर्तिशास्त्रीय नवलाईच्या रूपाने अवतरेल. फिल्मच्या कडेवरील अक्षरे सुलट दिसतात ती बाजू पाहून खात्री करून घ्यावी.

वेळेचा हिशेब

समजा, मुलुंडच्या एका घरी ८०० पारदर्शिका आहेत. फिल्म-स्कॅनरवर प्रत्येकीस चार मिनिटे धरली तर सुमारे ५३ तास लागतील. कॅमेऱ्याने प्रत्येकीस १५ सेकंद धरल्यास ३ तास २० मिनिटे पुरतील. १६ बिटांची एक टिफ प्रत सुमारे १२९ मेगाबाइटची, म्हणजे सर्व मिळून सुमारे १०३ गिगाबाइट. आजच्या साध्या बाह्य डिस्कवर हे सहज मावते. परंतु प्रत्येक पारदर्शिका झाडणे, चौकटीवरील मजकूर उतरविणे आणि चित्रातील स्थळ ओळखणे यांस दोन मिनिटे धरली, तरी आणखी सुमारे २७ तास होतात. या कामाचा खरा भार कोठे आहे, हे यावरून स्पष्ट होते.

म्हणून क्रम असा असावा. प्रथम कोणतीही पारदर्शिका डब्यातून न हलविता डब्यांची छायाचित्रे घ्यावीत. प्रक्षेपकाच्या चकतीतील क्रम हा बहुधा एखाद्या व्याख्यानाचा क्रम असतो. तो मोडला की त्यामागील विचारही हरवतो. नंतर प्रत्येक पारदर्शिकेस डबा व स्थान दर्शविणारा क्रमांक द्यावा आणि तोच क्रमांक संगणकातील धारिकेचे नाव व्हावा. यानंतर, स्कॅन करण्याआधी, सर्व पारदर्शिका प्रकाशपेटीवर मांडून ज्यांनी त्या घेतल्या त्यांच्याजवळ बसावे. सरांस वा बाईंस आठवते ते सर्व त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यावे : हे कोणते लेणे, कोणत्या वर्षीची सहल, दिवा कोणता वापरला, ही पारदर्शिका वर्गात किती वेळा दाखविली. रंग विटण्याच्या कारणांचा निर्णय करताना शेवटचे दोन प्रश्न मोलाचे ठरतात. त्याच बैठकीत निवडही करावी. एकाच दृश्याच्या चार पारदर्शिका असल्यास सर्वांची लहान प्रत आणि एकीचीच पूर्ण प्रत घेणे पुरे.

मग फिल्मच्या जातीनुसार गट करावे, प्रत्येक गटाच्या आरंभी व अखेरीस प्रमाणपारदर्शिका वाचावी, आणि गट एकाच बैठकीत पुरा करावा. आरंभीचे व अखेरचे आकडे जुळले तर मधल्या सर्व प्रती विश्वसनीय समजाव्या. न जुळल्यास दिवा अथवा मांडणी बदलली असे समजून गट पुन्हा घ्यावा. एकेक पारदर्शिका तपासत बसण्यापेक्षा यात वेळ पुष्कळ वाचतो. प्रमाणपारदर्शिकेची प्रतही मूळ प्रतींसोबत जतन करावी. उद्या अधिक चांगले गणित उपलब्ध झाले तर तिच्या आधारे सर्व गट नव्याने रूपांतरित करता येईल.

जतन

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि मिठी नदीकाठच्या कुर्ला, कलिना आदी भागांतील तळमजल्यांत पाणी शिरले. कागद, ग्रंथ व छायाचित्रे यांची त्या दिवशी उपनगरांत जी हानी झाली तिची मोजदाद कोणी केलेली नाही. यावरून घ्यावयाचा बोध सरळ आहे : मूळ प्रतींचे किमान तीन संच असावेत आणि त्यांपैकी एक निराळ्या गावी, नातलगाकडे वा विभागाच्या ग्रंथालयात असावा. पारदर्शिका मात्र फेकून देऊ नयेत. स्कॅन झाले तरी मूळ साधन तेच आहे. ती सिलिका जेलसह घट्ट पेटीत, वरच्या मजल्यावर, स्वयंपाकघर व स्नानगृह यांपासून दूर ठेवावी आणि जेल दरवर्षी पावसाळ्यापूर्वी तापवून कोरडे करावे.

आपल्या विभागातील विद्यार्थ्यांनी येत्या हिवाळ्यात प्रत्येकी एका निवृत्त अध्यापकाच्या संग्रहाचे काम हाती घेतले, तर उपनगरांतील लेणी, डोंगर व खाडी यांचा एक मोठा दृश्य-अभिलेख उभा राहू शकेल. दिवा आणि स्कॅनर विभागातून उसने मिळू शकतील. ज्यांस ‘हे लेणे कोणते’ असे विचारावयाचे, ते आज सत्तरीच्या वा ऐंशीच्या घरात आहेत. बंद डब्यातील कोडाक्रोम आणखी काही दशके वाट पाहू शकेल. यास्तव यंत्राची जुळवाजुळव होण्याची वाट न पाहता वही घेऊन त्यांच्याकडे आधी जावे.